‘अ‍ॅकोलाइट’ म्हणजे नुसता सहायक नव्हे

प्रश्न सांगलीहून आला आहे, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्याचा. थोडक्यात असा: “जीआरईच्या, म्हणजे परदेशी पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या, शब्दयादीत अ‍ॅकोलाइट हा शब्द आहे आणि पुढे अर्थ दिलाय ‘सहायक, अनुयायी’. पानभर लिहून काढला. चार दिवसांनी आठवत नाही, आणि आठवून वाक्यात घातला तर मार्गदर्शक म्हणतात चुकलं. प्रोजेक्टमध्ये मदत करणाऱ्या ज्युनिअरला मी ‘माय अ‍ॅकोलाइट’ म्हटलं होतं. यात चूक काय? आणि असले शब्द शिकायचे तरी कसे?”

चूक तुमच्यापेक्षा यादीची जास्त आहे. ‘सहायक’ हा अर्थ अपुरा आहे आणि ‘अनुयायी’ हा फार ऐसपैस. दोन्ही शेजारी लिहिले म्हणून नेमका अर्थ तयार होत नाही.

एखाद्याला अ‍ॅकोलाइट म्हणायचं तर तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. समोर कुणीतरी मोठा माणूस हवा: धर्मगुरू, पुढारी, नामांकित प्राध्यापक, कलावंत, एखाद्या कंपनीचा संस्थापक. हा माणूस त्या मोठ्याच्या आगेमागे असायला हवा, त्याची लहानसहान कामं करणारा. आणि ती कामं तो निष्ठेपोटी करत असायला हवा. यादीतल्या अर्थातून नेमकी ही तिसरी अट गळते. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानातला दिवाणजी घ्या. सौदे, पट्ट्या, हिशेब, शेतकऱ्याची उचल, सगळं त्याच्या हातात. मालकाचा उजवा हातच तो. तरी तो अ‍ॅकोलाइट नाही. कलेक्टरसाहेबांचे स्वीय सहायकही नाहीत आणि लष्करी अधिकाऱ्याचा एडीसी, म्हणजे दिमतीचा अधिकारी, तोही नाही. तिथं नेमणूक आहे, पगार आहे, आणि बदली झाली की साहेब बदलतो. उलट एखाद्या पुढाऱ्याच्या गाडीमागे फिरणारी पोरं पाहा. सभेच्या खुर्च्या मांडण्यापासून साहेबांचा फोन धरून उभं राहण्यापर्यंत सगळं करतात, साहेब बोलले तेच त्यांच्या लेखी खरं, आणि हाती दमडी पडली नाही तरी दुसऱ्या दिवशी सकाळी बंगल्यावर हजर. इंग्रजी वार्ताहर त्यांना अ‍ॅकोलाइट्स लिहितो. म्हणून शंका आली की पगार काढून घेऊन बघायचं. पगार काढल्यावरही माणूस तिथंच राहत असेल तर शब्द बसण्याची शक्यता आहे.

आता तुमचा ज्युनिअर. तो प्रोजेक्टमध्ये आला तो क्रेडिटसाठी, नाहीतर शिकायला मिळेल म्हणून. तो तुमच्या भजनी लागलेला नाही. ‘माय अ‍ॅकोलाइट’ म्हणताना तुम्ही त्याला लहान करता ते करताच, शिवाय स्वतःला मठाधिपतीही करून टाकता. स्वतःच्या माणसांसाठी हा शब्द वापरायचाच नाही असं धरून चाला. दुसऱ्याच्या माणसांबद्दल, बाहेर उभं राहून बोलताना तो शोभतो.

‘अनुयायी’ का चालत नाही, तेही पाहू. अनुयायी हजारांनी असतात, लांब राहतात, गुरू हयात नसला तरी असतात. अ‍ॅकोलाइट बहुधा मोजके आणि जवळचे. एखाद्या अर्थतज्ज्ञाच्या पुढच्या पिढीतल्या शिष्यांनाही इंग्रजीत अ‍ॅकोलाइट्स म्हणतात, नाही असं नाही. पण तिथंही सुचवायचं असतं की हे त्याच्या घट्ट वर्तुळातले आहेत आणि त्याचे शब्द तसेच्या तसे उचलतात.

यादीत ज्याचा पत्ताच नसतो ती गोष्ट म्हणजे छटा. चर्चमधल्या मूळ अर्थाला कसलीही टोचणी नाही, ते एक साधं पद आहे. चर्चच्या बाहेर वापरलं की मात्र किंचित टोचतं. शिवी नव्हे, पण बोलणाऱ्याची भुवई थोडी वर गेलेली असते. मराठीत सर्वांत जवळ जाणारा शब्द ‘पट्टशिष्य’, तोही जरा हसून म्हटलेला. ‘चमचा’ आणि ‘हुजऱ्या’ बरेच पुढचे. त्यांत निष्ठा खोटी आहे आणि स्वार्थ उघडा आहे. तालमीतला वस्तादाचा पठ्ठाही इथं बसत नाही, कारण पठ्ठा स्वतः मैदानात उतरतो आणि त्या शब्दात अभिमान आहे. अ‍ॅकोलाइट कधी पुढे येत नाही, तो मागेच असतो.

ही छटा न कळल्यामुळे काय बिघडतं, याला साताऱ्याकडचं उदाहरण चांगलं आहे. समर्थ रामदासांवर इंग्रजीत निबंध लिहिताना कल्याणस्वामींसाठी हा शब्द वापरायचा मोह होईल. वरवर सगळं जुळतं. उरमोडीचं पाणी ते हंड्यांतून सज्जनगडावर नेत, ही परंपरा सर्वांना ठाऊक आहे. शिवथरघळीत समर्थांनी दासबोध सांगितला आणि कल्याणांनी लिहून घेतला, असंही परंपरा मानते. मोठा माणूस, जवळीक, सेवा, निष्ठा, एकही अट कमी पडत नाही. तरीही लिहू नका. वाचणाऱ्या इंग्रजी माणसाला त्यातून आंधळेपणाचा वास येईल आणि तुम्हाला तर आदर दाखवायचा आहे. तिथं ‘डिव्होटेड डिसायपल’ लिहा. आणि त्यांच्या लेखणीच्या कामाबद्दल बोलायचं असेल तर त्यासाठी इंग्रजीत स्वतंत्र शब्दच आहे, ‘अमॅन्युएन्सिस’: दुसऱ्यानं सांगितलेलं लिहून घेणारा. मूळ लॅटिन ‘आ मानू’, म्हणजे हाताशी असलेला. तोही जीआरईच्या याद्यांत सापडतो.

याच कारणासाठी परदेशी विद्यापीठाला पाठवायच्या उद्देशपत्रात, सगळे ज्याला एसओपी म्हणतात त्यात, ‘मी अमुक सरांचा अ‍ॅकोलाइट होतो’ असलं काही घालू नका. तुम्हाला सांगायचं असतं की सरांच्या हाताखाली मन लावून काम केलं. वाचणारा समजतो की या मुलाला स्वतःचं मत नाही. ‘रिसर्च असिस्टंट’ हा साधा शब्द तिथं दहापट कामाचा.

आता शब्दाचं मूळ. प्रत्येक शब्दाची व्युत्पत्ती बघत बसायला परीक्षार्थीला वेळ नसतो, आणि बसूही नये. पण हा शब्द मराठी माणसाला व्युत्पत्तीतून फार लवकर कळतो, म्हणून अपवाद. ग्रीकमध्ये ‘अकोलूथोस’ म्हणजे मागोमाग चालणारा, सेवक. त्यातलं ‘केलेउथोस’ म्हणजे वाट. सुरुवातीच्या ‘अ’वर मात्र बहुतेक जण घसरतात. संस्कृतच्या सवयीनं आपण तो नकाराचा ‘अ’ समजतो, अज्ञान किंवा अशक्य यातल्यासारखा. ग्रीकमध्ये नकाराचा ‘अ’ आहे, पण हा तो नव्हे. हा आपल्या ‘स’चा भाऊ आहे, सहित या अर्थाचा. ग्रीकमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा जुना ‘स’ आधी ‘ह’ झाला आणि काही ठिकाणी तोही गळला. आपल्या सप्तचं तिकडे ‘हेप्टा’ झालं ते असंच. ग्रीकमध्ये भावाला ‘अडेल्फोस’ म्हणतात, तेही ‘स’ अधिक ‘गर्भ’ याच धर्तीवर, म्हणजे एकाच उदरातले. फिलाडेल्फिया शहराच्या नावात तो शब्द आजही आहे. तेव्हा अकोलूथोस म्हणजे त्याच वाटेनं जाणारा, वाटेचा सोबती. आपल्याकडे अनुचर, अनुगामी आणि अनुयायी हे तिन्ही शब्द चालण्या-जाण्याच्या धातूंवरूनच आले आहेत, त्यामुळे ही कल्पना आपल्याला परकी वाटायचं कारण नाही.

नकाराचा ‘अ’ लागलेलं याच शब्दाचं रूप पाहायचं असेल तर ‘अ‍ॅनाकोलुथॉन’ आहे: पुढचा भाग मागच्याच्या वाटेनं न जाणारं वाक्य. “मी म्हणत होतो की उद्या सकाळी… जाऊ दे, चहा घे,” हे अ‍ॅनाकोलुथॉन. परीक्षेत येण्याची शक्यता कमी, पण एकदा पाहिल्यावर मूळ शब्द पक्का बसतो.

ग्रीकमधून लॅटिन, लॅटिनमधून जुनी फ्रेंच आणि तिथून 14व्या शतकात इंग्रजी, असा याचा प्रवास. मधल्या काळात शब्द चर्चचा झाला. रोमन कॅथलिक चर्चमध्ये दीक्षेच्या खालच्या चार पायऱ्या होत्या: द्वारपाल, वाचक, भूतबाधा उतरवणारा आणि सर्वांत वरची अ‍ॅकोलाइट. वेदीजवळ मेणबत्ती धरायची, द्राक्षरस आणि पाणी पुढे करायचं, धर्मगुरूच्या हाताशी राहायचं, हे त्याचं काम. पोप सहावे पॉल यांनी 1972 मध्ये ही पायऱ्यांची पद्धत मोडीत काढून वाचक आणि अ‍ॅकोलाइट एवढ्या दोनच सेवा ठेवल्या. 1 जानेवारी 1973 पासून ते लागू झालं. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी 2021 मध्ये या दोन्ही सेवा अधिकृतपणे स्त्रियांनाही खुल्या केल्या. प्रत्यक्षात वेदीशी मदत करणाऱ्या साध्या मुला-मुलींनाही सैलपणे अ‍ॅकोलाइट म्हणतात. वसईकडे किंवा गोव्यात एखाद्या चर्चमध्ये रविवारी पांढऱ्या झग्यात मेणबत्ती घेऊन उभी असलेली मुलं दिसतात, तेच चित्र.

हे चित्र आपल्या मुलुखातलं करून घ्यायचं असेल तर गोंधळाच्या रात्री हातात दिवटी धरून उभा असलेला माणूस आठवा. गोंधळी आख्यान लावतो, संबळ वाजतं, लोकांचं लक्ष तिकडे. हा शेजारी उभा राहून दिवटीवर तेल घालत राहतो. शब्दाच्या शेवटी ‘लाइट’ ऐकू येतं ते त्या दिवटीचं, अशी खूणगाठ बांधा. व्युत्पत्तीच्या दृष्टीनं ‘लाइट’चा दिव्याशी काही संबंध नाही हे लक्षात असू द्या, पण मेणबत्ती धरणं हे अ‍ॅकोलाइटचं खरंच काम होतं, म्हणून ही खूण दगा देत नाही. यादीवाल्यांची आवडती दुसरी खूण आहे ‘अकोल्याचा लाइट’. ती घेऊ नका. तिच्यात अर्थाचा धागाच नाही, आणि उच्चार कायमचा बिघडतो.

उच्चाराबद्दल: आघात पहिल्या अक्षरावर, ‘अ‍ॅ’वर. मधला ‘को’ आपण लिहितो तसा ठसठशीत बोलायचा नाही. तो जवळजवळ ‘क’ इतका आखूड होतो. तोंडानं म्हणताना ‘अ‍ॅकलाइट’ म्हणा, शेवटचं ‘लाइट’ पूर्ण. पहिला स्वर ‘अ’ केलात आणि जोर ‘को’वर दिलात तर समोरच्याला अकोला ऐकू येईल.

स्पेलिंग ए, सी, ओ, एल, वाय, टी, ई. चुका ठरलेल्या. पहिली म्हणजे दोन सी. ती ‘अ‍ॅकोलेड’, म्हणजे गौरव, या शब्दाच्या संगतीनं होते. अ‍ॅकोलेड लॅटिनचा, त्यात ‘अ‍ॅड’ हा उपसर्ग पुढच्या सीला चिकटून सीची जोडी होते, जशी ‘अकम्पनी’मध्ये. अ‍ॅकोलाइट ग्रीक, त्यात तो उपसर्गच नाही, म्हणून एकच सी. हे दोन शब्द अर्थानंही गल्लत करतात: अ‍ॅकोलेड मिळतो तो गुरूला, आणि टाळ्या वाजवायला अ‍ॅकोलाइट असतो. दुसरी चूक म्हणजे वायच्या जागी आय. ‘इलेक्ट्रोलाइट’चं स्पेलिंग येत असेल तर शेवटची चार अक्षरं तीच. मूळ मात्र वेगळं. तिकडचं ‘लाइट’ विरघळण्याचं आहे. त्याच पानावर ‘निओफाइट’ आणि ‘प्रॉसिलाइट’ही भेटतील. पहिला नवखा, दुसरा नुकताच धर्म किंवा पक्ष बदललेला. शेपटीचा आवाज सारखा, पण नातं कुणाचं कुणाशी नाही.

आता शिकण्याची पद्धत.

पानभर लिहून काढण्यानं शब्द का टिकत नाही? कारण दुसऱ्यांदा लिहिताना तुम्ही आठवत नसता, वरच्या ओळीत बघून उतरवत असता. हात चालतो, डोकं बसून राहतं. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच दिसलं. उतारा पुन्हापुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र न बघता आठवून पाहणारे त्यांच्या पुढे गेले. तुमची परीक्षा पाच मिनिटांनी नाही, म्हणून दुसरा रस्ता धरायचा.

प्रत्येक शब्दाला एक कार्ड. बाजारातली महागडी कार्डं नकोत. पाठकोरा कागद चार तुकडे करून पुरतो. एका बाजूला नुसता शब्द लिहायचा नाही. रिकामी जागा असलेलं वाक्य लिहायचं आणि त्या जागेत फक्त पहिलं अक्षर. उदाहरणार्थ, “द मिनिस्टर अराइव्ह्ड विथ अ हाफ डझन ऑफ हिज… हू लाफ्ड अ‍ॅट एव्हरी जोक,” आणि जागेवर एक ए. मागच्या बाजूला शब्द, उच्चार देवनागरीत, साध्या इंग्रजीत एका ओळीचा अर्थ, आणि कोपऱ्यात छटेची खूण: चांगली असेल तर अधिक, टोचणारी असेल तर वजा, कोरडी असेल तर शून्य. अ‍ॅकोलाइटला वजा, पण बारीक. शेवटी शब्दाची सोबत. हा शब्द बहुतेक वेळा अनेकवचनात येतो. आधी कुणाचे ते येतं, हिज किंवा हर, नाहीतर नंतर ‘ऑफ’ येतो. विशेषणं ठरावीक, डिव्होटेड, यंग, फेथफुल. आणि ‘सराउंडेड बाय’ हे क्रियापद त्याच्याबरोबर सारखं दिसतं. एकवचनात वापरला तर आधी ‘अ‍ॅन’ विसरू नका. मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे ‘ही इज अ‍ॅकोलाइट ऑफ…’ असं सहज लिहून जातं आणि तिथंच गुण जातो.

ही सोबत पाठ करायची नसते, शोधायची असते. एखाद्या इंग्रजी वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर शब्द टाका, दहा वाक्यं काढा, आणि प्रत्येकात शब्दाच्या डावीकडचे दोन आणि उजवीकडचे दोन शब्द अधोरेखित करा. दहातल्या सहा-सात वाक्यांत बोलणारा त्या लोकांवर खूश नाही हे आपोआप दिसेल, आणि छटा मला सांगायची गरज उरणार नाही. याला दहा-बारा मिनिटं लागतात. प्रत्येक शब्दाला ती देणं परवडत नाही. पण ज्या शब्दाचा मराठी अर्थ वाचून ‘हो, कळलं’ असं पटकन वाटतं, त्याला आवर्जून द्या. फसवतात ते तेच.

उजळणीचा हिशेब असा: आज संध्याकाळी, उद्या, मग तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी. कार्ड उलटायच्या आधी उत्तर तोंडानं म्हणायचं. मनातल्या मनात म्हटलं की उलटल्यावर ‘हेच तर म्हणणार होतो’ असं वाटतं, आणि ती शुद्ध फसवणूक असते. चुकलं तर ते कार्ड पुन्हा ‘उद्या’च्या गठ्ठ्यात, मग ते पंधराव्या दिवसाचं का असेना. चपलांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करून हे बिनखर्चात चालतं. सेबास्टियन लाइटनर या लेखकानं 1972 मध्ये सुचवलेली पद्धत थोड्या फरकानं हीच. फोनवर करायचं तर अँकी नावाचं अ‍ॅप आहे. त्यात रोज नवीन वीस कार्डं आधीपासून ठरवलेली असतात. ती आठ किंवा दहा करा. नवीन कार्डांच्या साधारण सात ते दहा पट उजळणी रोज मागे लागते. वीसवर ठेवलंत तर महिन्याभरात रोजची दीड-दोनशे कार्डं साठतात, दोन दिवस गणपतीला गावी गेलात की चारशे होतात, आणि तिथून लोक अ‍ॅप उघडणंच सोडतात. आठ कार्डांना रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक यादीच्या मांडणीतच असते. पुस्तकवाले एका अर्थाचे शब्द एका पानावर छापतात: अ‍ॅकोलाइट, मिनियन, डिसायपल, सिकोफंट, हेंचमन, व्होटरी. नीटनेटकं दिसतं. पण एकाच दिवशी सगळे शिकले की ते एकमेकांत मिसळतात. आठवड्यानं ‘कुणाच्या तरी मागे फिरणारा’ एवढाच गोळा शिल्लक राहतो आणि कोणता कोण ते कळत नाही. एक शब्द पक्का झाल्यावर, किमान आठवडाभरानं, दुसरा घ्या, आणि दुसऱ्याच्या कार्डावर पहिल्यापासूनचा फरक एका ओळीत लिहा. या शब्दांपुरते ते फरक असे. मिनियन हा हुकमाचा ताबेदार, निष्ठा असो नसो. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘लाडका’ होता, आता त्यात तुच्छताच उरली आहे. हेंचमन मुळात घोड्याची देखभाल करणारा, आज बहुधा दांडगटाचा साथीदार, वाईट कामात हात असलेला. सिकोफंट तोंडावर स्तुती करतो ती फायद्यासाठी. अ‍ॅकोलाइटची भक्ती खरी असते, हाच दोघांतला मोठा फरक. डिसायपलचं मूळ शिकण्यात आहे, त्यामुळे तो आदराचा. व्होटरी म्हणजे व्रत घेतलेला. त्याची निष्ठा माणसापेक्षा तत्त्वावर जास्त, आणि गांधीजींच्या इंग्रजी लेखनात अहिंसेच्या संदर्भात तो भेटतो. फॅक्टोटम सगळी कामं करतो, भक्तीचा प्रश्नच नाही. आपला तो दिवाणजी इथं बसतो.

परीक्षेच्या दृष्टीनं. सप्टेंबर 2023 पासून जीआरई लहान झाली आहे: शाब्दिक विभागात एकूण 27 प्रश्न, 41 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला सरासरी दीड मिनिट, आणि त्यातलं बरंच उताऱ्यांत जातं. शब्दाच्या प्रश्नाला मिनिटाच्या आत उत्तर निघालं पाहिजे. सहा पर्यायांतून दोन निवडायच्या प्रश्नात हा शब्द कसा येईल ते पाहा. “फियर्ड बाय हिज रायव्हल्स, द प्रोफेसर वॉज नेव्हर विदाउट अ सर्कल ऑफ … हू रिपीटेड हिज एव्हरी ओपिनियन.” पर्याय: अ‍ॅकोलाइट्स, डिट्रॅक्टर्स, डिसायपल्स, नॉव्हिसेस, स्केप्टिक्स, मॅव्हरिक्स. ‘सहायक’ एवढंच पाठ असलेला मुलगा नॉव्हिसेसवर जातो, कारण नवशिके मदत करत असतील असं त्याला वाटतं. पण वाक्याचा जोर ‘प्रत्येक मत तसंच म्हणणारे’ यावर आहे. म्हणून अ‍ॅकोलाइट्स आणि डिसायपल्स. दोन्ही बरोबर आले तरच गुण, एकाला अर्धा मिळत नाही. इथं छटेतला फरक आड येत नाही, कारण दोन्ही शब्दांनी वाक्याचा अर्थ एकच राहतो. छटा लेखनात सांभाळायची.

साताऱ्याकडची सीडीएस, म्हणजे लष्करात अधिकारी होण्यासाठीची परीक्षा, देणारी मुलंही याच याद्या घेऊन बसतात, म्हणून त्यांच्यासाठी एक गोष्ट. त्यांच्या इंग्रजीच्या पेपरात दोन तासांत 120 प्रश्न असतात, पेपर 100 गुणांचा आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण कापतात. तिथं समानार्थी शब्द विचारतात तो बहुधा अधोरेखित करून वाक्यात, आणि चार पर्यायांत ‘असिस्टंट’ आणि ‘फॉलोअर’ दोन्ही शेजारी असू शकतात. अशा वेळी वाक्यात चर्च, वेदी, धर्मगुरू असं काही असेल तर असिस्टंट, नाहीतर फॉलोअर.

तुम्हाला मात्र हा शब्द ओळखता आला तर पुरे. निबंधात तो वापरण्याची घाई नको. जीआरईच्या निबंधाला कठीण शब्दांचे वेगळे गुण नाहीत, आणि छटा चुकलेला एक शब्द परीक्षकाच्या डोळ्यांत चांगल्या दहा वाक्यांपेक्षा जास्त खुपतो.

आणि सगळं नीट करूनही एखादं कार्ड परत परत चुकत राहिलं तर? अँकीत आठ वेळा विसरलेल्या कार्डावर आपोआप खूण पडते. त्याला तिथं ‘लीच’, म्हणजे जळू, म्हणतात. ते तसंच चालू ठेवू नका. कागदावरचं असेल तर फाडून टाका. अशा कार्डात बहुतेक वेळा वाक्य पोकळ असतं, म्हणजे त्या रिकाम्या जागेत दुसरे पाच शब्दही बसले असते. तुमच्या ओळखीच्या एखाद्या साहेबांवर आणि त्यांच्या मागच्या पोरांवर नवं वाक्य लिहा, नावं घालून, जे दुसऱ्या कुणाला दाखवता येणार नाही असं. ते विसरत नाही.